शोकाच्या घरातील शाळा : संत एलिझाबेथ सीटन यांचे अल्पचरित्र

महोत्सवाचा प्रसंग म्हणजे उपकारस्मरणाचा प्रसंग. अशा दिवशी आपण देवालय बांधणाऱ्या पूर्वजांची, वेदीची सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची आणि उदार देणगीदारांची नावे आदराने घेतो, व ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक धर्मग्रामात आणखी एक वर्ग असतो, ज्याचे नाव कोणत्याही शिलेवर कोरलेले नसते. घरातील कर्ता माणूस गेला असता, डोळ्यांचे पाणी खळलेले नसतानाच, पोरक्या मुलाची पाटी पुन्हा त्याच्या हाती देणाऱ्या माता, आज्या, मावश्या, मास्तर व धर्मभगिनी यांचा तो वर्ग होय. अशा सर्वांस ज्यांच्या चरित्रात आपलेच चित्र दिसेल, त्या संत एलिझाबेथ सीटन यांची जीवनकथा वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांचा देश दूरचा आहे व काळही दोनशे वर्षांमागचा आहे. परंतु त्यांच्यावर आलेले प्रसंग आपल्या कोणत्याही घरी येण्यासारखेच आहेत.

एलिझाबेथचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. तो देश त्या वेळी इंग्रजांच्याच अमलाखाली होता. वडील डॉ. रिचर्ड बेली हे नामांकित वैद्य होते. घराणे प्रोटेस्टंट, एपिस्कोपल पंथाचे. एलिझाबेथला तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती तोच, १७७७ साली, तिची आई निवर्तली. पुढल्याच वर्षी तिची धाकटी बहीणही गेली. वडिलांनी पुनर्विवाह केला. परंतु नव्या संसारात पहिल्या मुलींना मायेची ऊब फारशी लाभली नाही. वडील आपल्या विद्येत व रोग्यांत गढलेले असत. एलिझाबेथ व तिची वडील बहीण यांना पुष्कळ काळ न्यू रोशेल गावी चुलत्यांच्या घरी काढावा लागला. तेथील एकांतात तिने ग्रंथवाचन, संगीत व फ्रेंच भाषा यांची गोडी लावून घेतली. आईवाचून वाढणाऱ्या लेकराला पुस्तकाचा केवढा आधार होतो, हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

२५ जानेवारी १७९४ रोजी एलिझाबेथचा विवाह विल्यम मॅगी सीटन या तरुण व्यापाऱ्याशी झाला. घर संपन्न होते, पती प्रेमळ होता. अ‍ॅना मरिया, विल्यम, रिचर्ड, कॅथरिन व रिबेका अशी पाच अपत्ये १७९५ ते १८०२ या काळात झाली. या सुखाच्या दिवसांतही एलिझाबेथबाईंना परदुःखाचा विसर पडला नाही. लहान मुले पदरी असलेल्या निर्धन विधवांच्या साहाय्यार्थ १७९७ साली न्यूयॉर्क येथे एक मंडळ निघाले, त्याच्या खजिनदार म्हणून त्यांनी काम केले. अवघ्या सहा वर्षांत आपणही त्याच विधवांच्या पंक्तीस जाऊन बसणार, हे त्यांना तेव्हा कोठून ठाऊक असणार?

पहिला आघात १७९८ साली झाला. सासरे वारले, आणि पतीच्या सहा अल्पवयी सावत्र भावंडांचा भार या तरुण दांपत्यावर पडला. ती मुले आधीच मातृहीन होती; आता त्यांचे पितृछत्रही हरपले. एलिझाबेथबाईंना त्या वेळी चोवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांनी काय करावे? घरात सुतक पाळून मुलांना कोपऱ्यात बसू दिले नाही. लहान नणंदांना जवळ घेऊन त्यांनी घरीच वाचन, लेखन व प्रार्थना शिकविण्यास आरंभ केला. पुढे ज्या शाळांनी त्यांचे नाव जगात झाले, त्या सर्वांचे मूळ आमच्या मते या पहिल्या शाळेत आहे. तिला फलक नव्हता की फी नव्हती. तिच्यातील हॅरिएट व सिसिलिया या दोघी नणंदांचे नाव या कथेत पुन्हा येणार आहे.

यानंतर संकटे एकापाठोपाठ एक आली. युरोपातील युद्धांमुळे गलबते बुडाली वा पकडली गेली, व्यापार बसला आणि पतीचे दिवाळे निघाले. बाई रात्री जागून पतीची पत्रे व हिशेब लिहू लागल्या. ऑगस्ट १८०१ मध्ये त्यांचे वडील निवर्तले. बंदरावर उतरणाऱ्या आयरिश निर्वासितांची शुश्रूषा करीत असता त्यांना पीतज्वराची बाधा झाली व काही दिवसांतच अंत झाला. इकडे पतीचा क्षयरोग बळावत होता. हवापालट केल्यास गुण येईल या आशेने १८०३ सालच्या ऑक्टोबरात पतिपत्नींनी इटलीचा प्रवास आरंभिला. आठ वर्षांच्या अ‍ॅनाला सोबत घेतले. बाकीची चार मुले आप्तांच्या हवाली केली.

नोव्हेंबरात गलबत लिव्होर्नो बंदरास लागले. परंतु न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असल्यामुळे तेथील अधिकाऱ्यांनी या कुटुंबास शहरात येऊ दिले नाही. क्वारंटीन म्हणजे काय, हे आपल्या लोकांस निराळे सांगावयास नको. १८९६ सालच्या मुंबईच्या प्लेगाच्या आठवणी आपल्या पणज्यांनी सांगितल्या आहेत, आणि २०२० साली आपण स्वतःही तो अनुभव घेतला आहे. समुद्राकाठच्या एका दगडी इमारतीत, ओलसर भिंतींच्या व विटांच्या जमिनीच्या खोलीत, हिवाळ्याच्या थंडीत, खोकून रक्त टाकणाऱ्या पतीसह त्या माउलीने एक महिना काढला. या महिन्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. पती अंथरुणास खिळलेला, धूर कोंडून बसलेला, आणि समोर आठ वर्षांचे निरागस लेकरू! बाईंनी दिवसाची घडी बसविली. अमुक वेळी प्रार्थना, अमुक वेळी पवित्र शास्त्राचे वाचन, अमुक वेळी भक्तिगीते. थंडीने काकडलेली अ‍ॅना दोरीवरच्या उड्या मारून अंगात ऊब आणी, आणि आईदेखील तिच्याबरोबर खोलीत लंगडी घाली. दिवसभर धीराने वागून रात्री सर्वत्र निजानीज झाली म्हणजे बाई आपले अश्रू ढाळीत. मरणाच्या सावलीतही लेकराचा दिवस रिकामा जाऊ द्यावयाचा नाही, हा नियम त्या त्या खोलीत शिकल्या, आणि पुढे तो त्यांनी कधी मोडला नाही.

१९ डिसेंबर रोजी सुटका झाली व रोग्यास पिसा शहरी नेण्यात आले. तेथे २७ डिसेंबर १८०३ रोजी विल्यम सीटन यांनी देह ठेवला. एकोणतीस वर्षांची विधवा परक्या देशात एका मुलीसह उभी राहिली. अशा वेळी पतीचे व्यापारी स्नेही फिलिप्पो व अँतोनियो फिलिक्की या बंधूंनी व त्यांच्या घरच्या मंडळींनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. हे कुटुंब निष्ठावंत कॅथलिक होते. त्यांच्यासोबत देवालयांत जाताना पवित्र साक्रामेंतात प्रभू खरोखर उपस्थित आहे ही श्रद्धा बाईंच्या अंतःकरणास भिडली. पवित्र मरिया ही आपली आई आहे हा विचारही, जिची आई तीन वर्षांच्या आतच गेली तिला, किती गोड वाटला असेल! मध्यंतरी आधी अ‍ॅना व मग त्या स्वतः तापाने आजारी पडल्या. त्यामुळे परतीचा प्रवास लांबला. जून १८०४ मध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या व मुलांना भेटल्या. परंतु जिच्यासाठी त्यांनी त्या दुःखाची दैनंदिनी लिहिली होती, ती जिवलग नणंद रिबेका मरणोन्मुख होती. जुलैत तीही गेली.

पुष्कळ मनोमंथनानंतर १४ मार्च १८०५ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट पीटर देवालयात बाईंनी कॅथलिक धर्माचा स्वीकार केला. त्या काळी त्या शहरातील कॅथलिक बहुतेक गरीब व परदेशांतून आलेले असत, व प्रतिष्ठित लोक त्यांना हीन लेखीत. त्यामुळे आप्तेष्टांपैकी पुष्कळांनी पाठ फिरविली. पाच मुलांच्या पोटासाठी व शिक्षणासाठी त्यांनी एका शाळेत भाग घेतला, ती चालली नाही. मग शाळकरी मुलांसाठी खाणावळीवजा वसतिगृह चालविले. लहान नणंद सिसिलिया हिनेही १८०६ साली हाच धर्म स्वीकारला, तेव्हा तर लोकांचा रोष अनावर झाला. या सर्व काळात अँतोनियो फिलिक्की यांनी द्रव्यसाहाय्य केले, आणि त्यांच्या व बिशप जॉन कॅरोल यांच्या मदतीने दोघे मुलगे जॉर्जटाउन येथील कॅथलिक विद्यालयात गेले. दुसऱ्याच्या पोरक्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च निमूटपणे चालविणारे असे गृहस्थ धर्मग्रामात असले, तर कितीतरी घरे सावरतात, हे येथे नमूद केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही.

१८०८ साली सल्पिशियन संघाचे फादर द्युबुर्ग यांच्या निमंत्रणावरून बाई बाल्टिमोर शहरी आल्या व पाका रस्त्यावरील एका घरात त्यांनी मुलींची शाळा उघडली. मुली थोड्याच होत्या, व त्यांत त्यांच्या स्वतःच्या तीन. २५ मार्च १८०९ रोजी त्यांनी बिशप कॅरोल यांच्यासमोर व्रते घेतली. तेव्हापासून लोक त्यांना मातुश्री सीटन म्हणू लागले. त्याच वर्षी सॅम्युएल कूपर या नवदीक्षित दात्याच्या देणगीमुळे मेरिलँड प्रांतातील एमिट्सबर्ग या डोंगराळ खेड्यात जागा मिळाली आणि जून महिन्यात ही मंडळी तिकडे गेली. ३१ जुलै रोजी एका लहानशा दगडी घरात त्यांचे एकत्र जीवन सुरू झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जन्मास आलेला धर्मभगिनींचा हा पहिलाच संघ होय.

संघ स्थापन होत असता मातुश्रींनी एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेविली होती. आपण पाच लेकरांची आई आहोत. ते कर्तव्य देवानेच आधी दिलेले आहे. त्याआड येणारा कोणताही नियम आपण पत्करू शकत नाही. ज्यांच्या नावाची मंडळे आपल्या अनेक धर्मग्रामांत गरिबांची सेवा करतात, त्या संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या भगिनीसंघाचा नियम अमेरिकेच्या परिस्थितीस जुळवून घेऊन १८१२ साली मंजूर झाला, तेव्हा मुलांचे पालकत्व मातुश्रींकडेच राहावे अशी सोय त्यात करण्यात आली. संन्यास आणि मातृत्व यांची अशी सांगड क्वचितच पाहावयास मिळते.

२२ फेब्रुवारी १८१० रोजी एमिट्सबर्ग येथे गावातील गरीब मुलींसाठी सेंट जोसेफची मोफत शाळा सुरू झाली. त्याच वर्षी राहण्याची सोय असलेल्या फी देणाऱ्या मुलीही येऊ लागल्या. सधन मुलींच्या फीतून गरीब मुलींचे शिक्षण चालावे, अशी व्यवस्था होती. वाचन, लेखन, गणित, व्याकरण, भूगोल, इतिहास, संगीत, फ्रेंच व शिवणकाम हे विषय शिकविले जात. मुलींना मठवासिनी करावयाचे नसून, ज्या संसारात त्यांना जावयाचे आहे त्यासाठी त्यांना सिद्ध करावयाचे आहे, असे मातुश्रींचे धोरण होते. त्या वर्गावर्गांतून फिरत, शिकविणाऱ्या भगिनींना मार्ग दाखवीत, आणि एकेका मुलीचा स्वभाव ओळखून तिला बोलत. शाळा सोडून गेलेल्या मुलींनाही त्यांची पत्रे जात.

परंतु याच मंडळीत मृत्यूने बिऱ्हाड केले होते. डिसेंबर १८०९ मध्ये नणंद हॅरिएट गेली. एप्रिल १८१० मध्ये सिसिलिया गेली. ज्या दोघींना त्यांनी लहानपणी अक्षरे शिकविली, त्यांचे डोळे मिटण्याचे त्यांच्याच नशिबी आले. त्याहून मोठा घाव पुढेच होता. क्वारंटीनच्या खोलीत दोरीवर उड्या मारणारी अ‍ॅना आता सोळा वर्षांची झाली होती. लहान मुलींना धडे देण्यात ती आईला साहाय्य करी. पित्याचाच रोग तिला जडला. मृत्युशय्येवर तिला व्रते घेण्याची अनुज्ञा मिळाली, आणि १२ मार्च १८१२ रोजी ती प्रभूकडे गेली. जवळच्या झाडीत, दोघी आत्यांशेजारी, तिला मूठमाती देण्यात आली.

संतांना दुःख होत नाही अशी कोणाची समजूत असल्यास त्यांनी मातुश्रींचे हे वर्ष पाहावे. त्या खचल्या. कित्येक महिने त्यांना प्रार्थनेतही शांती लाभेना; आपली बुद्धी ठिकाणावर राहते की नाही अशी भीती त्यांना वाटू लागली. अ‍ॅनावरील आपले प्रेम देवाच्या प्रेमाआड तर आले नाही ना, या शंकेने त्या व्याकूळ होत. त्यांनी हे कोणापासून लपविलेही नाही. या अंधारात फादर सिमोन ब्रुते या फ्रेंच धर्मगुरूंनी त्यांना हात दिला. ते स्वतः पुस्तकांचे मोठे प्रेमी होते. मातुश्रींनी त्यांना इंग्रजी सुधारण्यास मदत केली, आणि त्यांनी मातुश्रींच्या आत्म्यास धीर दिला. अशा रीतीने दोघांनी एकमेकांस शिकविले. घंटा वाजे तेव्हा वर्ग भरतच होते. दुसऱ्यांच्या मुली पाटी घेऊन समोर येत होत्या, आणि घरी रिबेका व कॅथरिन आईची वाट पाहत होत्या. दुःख ओसरेल तेव्हा शिकवू, असे त्या म्हणाल्या असत्या, तर त्या शाळेचे दार कधीच उघडले नसते. त्यांनी दुःख बाजूस सारले नाही. ते बरोबर घेऊनच त्या वर्गात गेल्या.

धाकटी रिबेका लहानपणी बर्फावर पडून कायमची लंगडी झाली होती. त्या दुखण्यातून गाठ वाढली व असह्य वेदना सुरू झाल्या. या खेपेस मातुश्री अधिक शांत होत्या. आठवड्यामागून आठवडे त्यांनी लेकीला कुशीत धरून काढले. तिच्याशी बोलल्या, तिच्यासह प्रार्थना केली, तिला हसविलेही. ३ नोव्हेंबर १८१६ रोजी, चौदा वर्षांची होऊन, रिबेका आईच्या हातांतच गेली.

दोघा मुलांची काळजी निराळ्या प्रकारची होती. विल्यम व रिचर्ड यांना एमिट्सबर्गच्याच माउंट सेंट मेरी विद्यालयात शिक्षण मिळाले. पुढे एकामागून एक दोघांनाही व्यापार शिकण्यास फिलिक्की यांच्या पेढीवर लिव्होर्नोला पाठविले. परंतु त्या कामात कोणाचाच जीव रमला नाही. विल्यमला समुद्राची ओढ. तो आरमारात शिरला. रिचर्डचेही पाऊल स्थिरावले नाही. आईची पत्रे त्यांच्या मागोमाग बंदरोबंदरी जात. त्यांत उपदेश असे, काळजी असे, आणि सर्वांहून अधिक माया असे. तिला हवे तसे मुलगे घडले नाहीत हे खरे. तथापि तिने पत्र लिहिणे थांबविले नाही. मुलांच्या यशावर आईबापांची परीक्षा करणाऱ्यांनी या पत्रांची आठवण ठेवावी. कॅथरिनसाठी मात्र मातुश्रींनी एक लहानशी वही लिहून ठेविली होती. आपल्यामागे हिला कोण सांगणार, या जाणिवेने आयुष्यात कसे वागावे याचा बोध तीत केला होता. ती वही कॅथरिनने जपून ठेवली.

४ जानेवारी १८२१ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याच क्षयाने मातुश्री एलिझाबेथ सीटन एमिट्सबर्ग येथे शांतपणे प्रभूच्या स्वाधीन झाल्या. तोपर्यंत त्यांच्या भगिनींनी १८१४ साली फिलाडेल्फिया व १८१७ साली न्यूयॉर्क येथे अनाथ मुलांची सेवा हाती घेतली होती. ज्या शहराने त्यांना दूर लोटले, त्याच शहरातील पोरक्या मुलांकडे त्यांच्या लेकी परत गेल्या! रिचर्ड १८२३ साली समुद्रप्रवासात तापाने वारला. विल्यम दीर्घायुषी झाला, व त्याचा पुत्र रॉबर्ट पुढे आर्चबिशप झाला. कॅथरिनने १८४६ साली न्यूयॉर्कच्या मर्सी भगिनींच्या संघात प्रवेश केला, अनेक वर्षे तुरुंगातील कैद्यांची सेवा केली, आणि १८९१ साली नव्वद वर्षांची होऊन ती निवर्तली. मातुश्रींना १७ मार्च १९६३ रोजी धन्य व १४ सप्टेंबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल यांनी संत म्हणून घोषित केले. संयुक्त संस्थानांत जन्मलेल्या त्या पहिल्याच संत होत. ४ जानेवारी हा त्यांचा सण.

वाचकहो, हे चरित्र सांगण्यात आमचा हेतू कोणाच्या दुःखास लहान म्हणण्याचा नाही. आपल्या धर्मग्रामातही असे घर असेल, जेथे वेदीजवळचा फोटो अजून नवा आहे आणि कोपऱ्यात शाळेचे दप्तर पडून आहे. त्या घरातील आईने आधी रडून घ्यावे, मग शिकवावे, असा मातुश्रींचा धडा नाही. डोळे ओले असले तरी धडा घेता येतो, असा आहे. आणि तिने हे एकटीने करावे असाही नाही. मातुश्रींच्या पाठीशी फिलिक्की बंधू होते, बिशप कॅरोल होते, फादर ब्रुते होते. शेजारच्या मुलाची फी भरणारा, त्याला संध्याकाळी तासभर गणित समजावून देणारा, त्याच्या आईचे म्हणणे ऐकून घेणारा, अशा प्रत्येकास या कार्यात वाटा आहे. महोत्सवानिमित्त देवालयास रंग देऊन होईल, पताका उतरतील. अशा एखाद्या मुलाचा हात आपण धरला असला, तर महोत्सवाचे फळ मात्र टिकून राहील.

संत एलिझाबेथ सीटन यांच्या मध्यस्थीने आपल्या धर्मग्रामातील सर्व विधवा मातांना, पोरक्या मुलांना व त्यांना शिकविणाऱ्या सर्वांना प्रभू येशूची कृपा व सांत्वन लाभो, अशी आम्ही प्रार्थना करतो.